विश्लेषण : ऑस्ट्रेलियात घर बांधताना बिल्डरने हात वर केले तर? भरवसा माणसावर ठेवायचा की टप्प्यांवर?

नोकरी लागते, व्हिसाचा प्रश्न सुटतो आणि मग घराचा विचार सुरू होतो. परदेशात स्थिरावणाऱ्या बहुतेक मराठी कुटुंबांचा क्रम असाच असतो. ऑस्ट्रेलियात, विशेषतः मेलबर्नच्या पश्चिमेला टारनीट, विंडम व्हेल, मेल्टन या नव्या वसाहतींत भारतीय कुटुंबांनी मोठ्या संख्येने घरे बांधली आहेत. तिथे तयार सदनिका घेण्यापेक्षा जमिनीचा तुकडा घेऊन बिल्डरकडून स्वतंत्र घर बांधून घेण्याची पद्धत रूढ आहे. या घरात मुलाचा पगार आणि सुनेचा पगार असतोच. शिवाय पुण्या-नाशिकला राहणाऱ्या आई-वडिलांच्या भविष्य निर्वाह निधीतली रक्कमही असते. बिल्डरने काम अर्धवट सोडले की एकाच वेळी दोन देशांतली दोन घरे अडचणीत येतात. हे टाळता येते का? बऱ्याच अंशी येते. त्यासाठी ‘चांगला माणूस शोधा’ या सल्ल्याच्या पुढे जावे लागते.

मोठी कंपनी म्हणजे सुरक्षित घर का नाही?

३१ मार्च २०२३ रोजी पोर्टर डेव्हिस ही ऑस्ट्रेलियातील बड्या घरबांधणी कंपन्यांपैकी एक कंपनी अवसायनात गेली. व्हिक्टोरिया आणि क्वीन्सलँड या राज्यांत मिळून तिची सुमारे १,७०० घरे अपुरी होती. कुठे नुसता पाया, कुठे लाकडी सांगाडा, कुठे छप्पर झालेले पण खिडक्या नसलेल्या भिंती. त्याहून धक्कादायक बाब नंतर उघड झाली. सुमारे ५६० ग्राहकांकडून कंपनीने आगाऊ रक्कम घेतली होती. पण कायद्याने बंधनकारक असलेला विमा त्यांच्या नावे काढलाच नव्हता. अखेर व्हिक्टोरिया सरकारला तिजोरीतून त्या रकमांची भरपाई देण्याची योजना आणावी लागली.

हे घडले कसे? करोनाकाळात, जून २०२० मध्ये तिथल्या केंद्र सरकारने ‘होमबिल्डर’ योजना आणली. घर बांधणाऱ्यास २५ हजार डॉलरचे अनुदान जाहीर झाले आणि बिल्डरांकडे रांगा लागल्या. करार ठरावीक किमतीचे होते. पुढे लाकूड, पोलाद आणि मजुरी कडाडली. जुन्या किमतीत घर बांधले तर प्रत्येक घरामागे तोटा, अशी अवस्था आली. काही कंपन्या नव्या ग्राहकाच्या पैशातून जुन्या ग्राहकाचे काम ओढत राहिल्या आणि नवे ग्राहक आटताच कोसळल्या. म्हणजे प्रत्येक वेळी बिल्डर लबाडच असतो असे नाही. प्रामाणिक पण बुडीत बिल्डरही घरमालकाचे तेवढेच नुकसान करतो. म्हणूनच माणूस चांगला आहे की वाईट, या प्रश्नापेक्षा आपले किती पैसे कामाच्या पुढे गेले आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा.

आपल्याकडची सवय तिथे का नडते?

महाराष्ट्रात १ मे २०१७ पासून रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवणे बिल्डरवर बंधनकारक झाले. तिथेही असेच काहीतरी असेल, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात व्हिक्टोरियात एकट्या घरासाठी दिलेला हप्ता असा बाजूला राखून ठेवला जात नाही. तो कंपनीच्या सर्वसाधारण खात्यात जातो आणि दुसऱ्याच कुणाच्या घराच्या विटांवर खर्च होऊ शकतो.

दुसरी सवय ओळखीची. गावाकडे बंगला बांधताना मिस्त्री कुणाच्या तरी ओळखीचा असतो. करार तोंडी, हिशेब वहीत आणि पैसे ‘लागतील तसे’. काम रखडले तर त्याच्या घरी जाऊन बसता येते. मामा-काका मध्यस्थी करतात. परदेशात हा सामाजिक धाक नाही. तरीही ‘आपलाच माणूस आहे’ एवढ्या एका वाक्यावर, वसाहतीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात मिळालेल्या नावावर, हजारो डॉलर दिले जातात. आपल्या भाषेत बोलणारा बिल्डर असण्यात गैर काही नाही. पण भाषा हा परवाना नव्हे. बिल्डरची नोंदणी आहे का, कोणत्या प्रकारच्या कामासाठी आहे, त्याच्यावर कारवाई झाली आहे का, हे सरकारी नोंदवहीत मोफत पाहता येते. करारावर जे नाव आहे त्याच नावाने नोंदणी आणि विमा आहे ना, हे ताडून पाहणेही तेवढेच आवश्यक.

पैसे कोणत्या टप्प्यावर द्यायचे?

व्हिक्टोरियाच्या १९९५ च्या घरबांधणी करार कायद्याने याची चौकट घालून दिली आहे. कराराची किंमत २० हजार डॉलर वा त्याहून अधिक असेल, तर सुरुवातीची रक्कम ५ टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. त्यानंतर पाया व तळाचा स्लॅब झाल्यावर १० टक्के, सांगाडा उभा राहून मंजूर झाल्यावर १५ टक्के, बाहेरच्या भिंती, छप्पर, दारे-खिडक्या बसून घराला कुलूप लावता येईल अशा अवस्थेत ३५ टक्के, आतली कपाटे, दारे, बेसिन, सिंक जागेवर बसल्यावर २५ टक्के आणि काम संपल्यावर उरलेले १० टक्के.

पाच लाख डॉलरच्या करारात याचा अर्थ असा : आधी २५ हजार, पायाला ५० हजार, सांगाड्याला ७५ हजार, कुलूपबंद अवस्थेला पावणेदोन लाख, आतल्या कामाला सव्वा लाख आणि शेवटी ५० हजार. सर्वांत मोठा हप्ता मध्यावर येतो आणि भांडणेही बहुधा तिथेच होतात. खिडक्या आलेल्या नसतात, मागचे दार बसलेले नसते. पण बिल्डरचे बिल येते. ‘पुढच्या आठवड्यात बसवतो, बिल तेवढे मंजूर करा, म्हणजे माल उचलता येईल,’ असे आर्जवाने सांगितले जाते. इथे भिडेस पडून सही करणे घातक. कायद्याने टप्प्याची व्याख्या केली आहे. टप्पा पूर्ण नसेल तर हप्ता देय नाही. स्वतः जाऊन पाहावे, तारखेसह छायाचित्रे घ्यावीत आणि मगच बँकेला मंजुरी द्यावी. बँक कधी कधी आपला माणूस पाठवते. पण तो बँकेचे कर्ज सुरक्षित आहे का ते पाहतो, आपली फरशी सरळ आहे का ते नाही.

आणखी एक पळवाट ठाऊक असावी. दोन्ही बाजूंनी विहित नमुन्यावर सही केली तर टप्पे आणि टक्केवारी बदलता येते. कागदांच्या गठ्ठ्यात हा नमुनाही सरकवला जातो. त्यावर सही करणे म्हणजे कायद्याने दिलेली ढाल स्वतःच खाली ठेवणे.

जाहिरातीतील किंमत शेवटी का फुगते?

नमुना घर पाहून मन भरते. पण त्या घरातल्या चकचकीत ओट्यापासून उंच छतापर्यंत बरेच काही ‘अपग्रेड’ असते, म्हणजे मूळ किमतीत नसते. त्यापुढचा खड्डा जमिनीचा. मेलबर्नच्या पश्चिमेकडील मैदान बेसॉल्ट खडकाचे आहे. तिथली चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत घर बांधलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन्हींचे मूळ ज्वालामुखीच्या खडकातच आहे. अशा जमिनीवर पाया जाड लागतो, खडक फोडावा लागतो आणि त्याचा खर्च ‘साइट कॉस्ट’ म्हणून वेगळा लागतो.

इथे कायदा मालकाच्या बाजूने आहे. करार करण्याआधीच मातीची तपासणी करून पायासंबंधीची माहिती मिळवणे ही बिल्डरची जबाबदारी आहे. ती न करता करार केला आणि नंतर ‘खडक लागला’ म्हणून जादा पैसे मागितले, तर ते नाकारण्याचा आधार कायद्यात आहे. त्यामुळे मातीचा अहवाल आणि त्यावर आधारलेला पायाचा नकाशा हाती आल्याशिवाय सही करू नये.

करारातील ‘प्राइम कॉस्ट’ आणि ‘प्रोव्हिजनल सम’ हे दोन शब्दही नीट वाचावेत. पहिल्यात नळ, फरशी, शेगडी अशा अजून न निवडलेल्या वस्तूंसाठी अंदाजे रक्कम धरलेली असते. दुसऱ्यात खोदाईसारख्या आधी नेमका खर्च न सांगता येणाऱ्या कामांसाठी. हे आकडे मुद्दाम कमी धरले की कराराची किंमत आकर्षक दिसते आणि फरक नंतर मालकाच्या माथी येतो. काम चालू असताना केलेला कोणताही बदल लेखी, किमतीसह आणि वाढणाऱ्या दिवसांसह नोंदवून घ्यावा. ‘बघू नंतर’ हे दोन शब्द सर्वांत महाग पडतात.

काही मजकूर सही करण्यापूर्वीच बदलून घेता येतो, नंतर नाही. वापरात असलेले बरेचसे छापील करार बिल्डरांच्या संघटनांनीच तयार केलेले आहेत. त्यांत उशिराबद्दलची भरपाई अनेकदा नाममात्र असते. घर रखडले तर कर्जाचे व्याज आणि राहत्या घराचे भाडे असा दुहेरी भार मालक सोसतो. भरपाईचा आकडा निदान भाड्याएवढा असावा, हा आग्रह रास्त आहे. सही केल्यावरही कामकाजाच्या पाच दिवसांत करारातून माघार घेण्याची मुभा असते; पण ते पाच दिवस वकिलाला दाखवण्यासाठी राखून ठेवण्यापेक्षा वकिलाला आधीच दाखवलेले बरे.

विमा आहे ना, मग चिंता कशाची?

हा सर्वांत मोठा गैरसमज. व्हिक्टोरियात वर्षानुवर्षे चालत आलेला घरबांधणी विमा हा ‘शेवटचा आधार’ या स्वरूपाचा आहे. बिल्डर मरण पावला, बेपत्ता झाला, दिवाळखोर झाला किंवा त्याने न्यायाधिकरणाचा आदेश धुडकावला, तरच तो कामी येतो. बिल्डर जिवंत आहे, कंपनी चालू आहे, पण छत गळते आहे आणि तो फोन उचलत नाही, अशा वेळी विमा कंपनी दारात उभी करत नाही. शिवाय या पद्धतीत कमाल भरपाई तीन लाख डॉलर आणि अपुऱ्या कामासाठी कराराच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच मर्यादित. म्हणजे पाच लाखांच्या घरात एक लाख. ज्याने कामाच्या पुढे दीड लाख दिले आहेत, त्याचे ५० हजार गेलेच. उरलेले काम आजच्या महाग दराने करून घेण्याचा फरक वेगळाच. रचनेतील दोषांसाठी मुदत सहा वर्षे, इतर दोषांसाठी केवळ दोन.

क्वीन्सलँड राज्यात चित्र थोडे बरे आहे. तिथे बिल्डर बुडालेला नसतानाही दोष दुरुस्त होत नसेल, तर सरकारी हमी योजनेकडे जाता येते. व्हिक्टोरियानेही २०२५ मध्ये त्या दिशेने जाणारा कायदा केला आहे आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. त्यामुळे आपल्या कराराच्या दिवशी कोणता नियम लागू आहे, हे सरकारी संकेतस्थळावर पाहणे अत्यावश्यक. विम्याचे प्रमाणपत्र आपल्या नावाचे, आपल्या जागेच्या पत्त्याचे आहे का आणि ते आगाऊ रक्कम देण्यापूर्वी हातात आले का, हे पाहायला मात्र दहा मिनिटेही लागत नाहीत. ती दहा मिनिटे पोर्टर डेव्हिसच्या त्या ५६० ग्राहकांना किती मोलाची ठरली असती!

सर्व्हेयर तपासतो, तरी वेगळा तपासनीस कशाला?

बांधकामाची मंजुरी देणारा बिल्डिंग सर्व्हेयर पाया, सांगाडा आणि अंतिम टप्प्यावर तपासणी करवून घेतो. त्याचे काम बांधकाम नियमांचे किमान पालन झाले का, एवढेच. रंगाचा दर्जा, उतार नसलेली न्हाणी, कपाटांची तिरकी दारे हा त्याचा विषय नाही. शिवाय व्हिक्टोरियात सर्व्हेयरची नेमणूक मालकाने करायची असते. मालकाच्या वतीने बिल्डरने ती करण्यास कायद्याने मनाई आहे. तरीही ‘आमचा नेहमीचा माणूस आहे’ असे सांगून तयार अर्ज पुढे केला जातो.

म्हणून प्रत्येक हप्त्यापूर्वी स्वतःच्या खर्चाने स्वतंत्र तपासनीस नेमणे, ही चैन नसून गरज आहे. विशेषतः सांगाडा झाकला जाण्यापूर्वी आणि न्हाणीघरात फरशी बसण्यापूर्वी. जलरोधक थर नीट आहे की नाही, हे फरशीखाली गेल्यावर कुणालाच दिसत नाही. तपासनिसाला आत येऊ देण्याचे कलम करारात आधीच घालून घ्यावे.

आणि प्लंबर, इलेक्ट्रिशियन, लादीवाले?

ऑस्ट्रेलियात अशा कारागिरांना ‘ट्रेडी’ म्हणतात. त्यांची मजुरी घसघशीत असते आणि वेळ त्यांच्या सोयीची. ताबा मिळाल्यावर पडवी, कुंपण, वातानुकूलन यांसाठी घरमालक त्यांना थेट बोलावतो आणि तिथे दुसरी फसगत सुरू होते. ‘रोख दिलेत तर १० टक्के कमी’ हा प्रस्ताव हमखास येतो. हे १० टक्के म्हणजे बुडवलेला वस्तू व सेवा कर. पावती नाही म्हणजे काम झाल्याचा पुरावा नाही, पुरावा नाही म्हणजे तक्रार नाही. विजेचे काम झाल्यावर सुरक्षितता प्रमाणपत्र मिळालेच पाहिजे. ७५० डॉलर वा अधिक किमतीच्या प्लंबिंग कामालाही प्रमाणपत्र लागते. शेवटचा हप्ता हे कागद हाती आल्यावरच द्यावा.

बिल्डर जर म्हणाला, ‘परवाना तुमच्या नावावर घ्या, तुम्हीच मालक-बिल्डर व्हा, मी फक्त काम करतो, स्वस्त पडेल,’ तर तिथून उठावे. त्या क्षणी सर्व कायदेशीर जबाबदारी मालकावर येते आणि बहुधा त्या माणसाकडे स्वतःची नोंदणी किंवा विमा नसतो.

वाद झालाच, तर काय?

पहिला नियम : रागाच्या भरात काम थांबवायचे नाही, कुलूप बदलायचे नाही. खरोखर देय झालेला हप्ता अडवला, तर करारभंग मालकाचा ठरतो आणि बिल्डरला काम थांबवण्याचे निमित्त मिळते. आक्षेप लेखी कळवावा, कोणते काम अपुरे आहे ते मुद्देसूद लिहावे, मुदत द्यावी. फोनवर बोलणे झाले तरी त्याच दिवशी त्याचा गोषवारा ईमेलने पाठवावा.

दुसरी पायरी सरकारी समेटाची. १ जुलै २०२५ पासून व्हिक्टोरियात बांधकाम नियंत्रण, घरबांधणी तंटे आणि विमा ही पूर्वी वेगवेगळ्या दारांत विभागलेली कामे एकाच बिल्डिंग अँड प्लंबिंग कमिशनकडे आली आहेत. समेटाची सेवा मोफत आहे. तिथे तोडगा निघाला नाही तर न्यायाधिकरण. ज्याचे पूर्वअंदाज बिल्डरला नव्हते अशा कारणाने किंमत १५ टक्के वाढली किंवा मुदत दीडपट झाली, तर करार संपवण्याचा हक्कही मालकाला आहे. पण चुकीच्या पद्धतीने करार मोडल्यास तोच आपल्यावर उलटतो. ही पायरी वकिलाविना चढू नये.

इकडून पैसे पाठवणाऱ्या आई-वडिलांनी काय पाहावे?

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते. एप्रिल २०२५ पासून १० लाख रुपयांवरील अशा रकमेवर २० टक्के कर आगाऊ वसूल होतो. विवरणपत्रात तो समायोजित होतो किंवा परत मिळतो, पण तोवर पैसा अडकतो. बिल्डरचा हप्ता अचानक आला म्हणून घाईने एकदम मोठी रक्कम पाठवण्यापेक्षा वरचे टप्पे समोर ठेवून पाठवणी आखावी. मुलाला ‘हप्ता कितवा आणि काम कुठवर आले?’ हे विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे. उलट दूरच्या माणसाला छायाचित्रांवरून समजावून सांगताना मुलालाच अपुरे काम दिसते.

मुले तात्पुरत्या व्हिसावर असतील तर घड्याळही पाहावे. १ एप्रिल २०२५ पासून तात्पुरत्या रहिवाशांना जुनी घरे घेण्यास किमान दोन वर्षांची बंदी घालण्यात आली. सरकारी परवानगीने मोकळी जमीन घेता येते. मात्र तीवर चार वर्षांत घर पूर्ण करावे लागते. अशा वेळी बिल्डर रखडला, तर पैशांबरोबर परवानगीची अटही टांगणीला लागते.

मग भरवसा कुणावर?

परदेशात कायदा कडक असतो, फसवाफसवी होत नाही, हा आपला आवडता समज. कायदा कडक आहे हे खरे. पण तो आपोआप चालत नाही. प्रत्येक तरतूद मालकाच्या एका कृतीची वाट पाहते : नोंदवही उघडण्याची, प्रमाणपत्र मागण्याची, हप्त्याला ‘अजून नाही’ म्हणण्याची. सरकारांनी विम्याची मर्यादा आणि हप्ते राखून ठेवण्याची पद्धत सुधारायला हवी. या एका बाबतीत व्हिक्टोरियाने रेराच्या ७० टक्क्यांच्या नियमाकडे जरूर पाहावे. तिथल्या महाराष्ट्र मंडळांनीही गणेशोत्सवाच्या मांडवात एक संध्याकाळ अनुभवी घरमालक आणि एखादा बांधकाम वकील यांच्यासाठी राखून ठेवली, तर अनेकांचे लाखो वाचतील.

तोवर घरमालकाच्या हातातले सर्वांत प्रभावी हत्यार एकच आहे : अजून न दिलेला पैसा. बिल्डर लबाड असो वा अडचणीत आलेला, परदेशी असो वा आपल्या गावचा, न दिलेला पैसा घेऊन त्याला पळता येत नाही. पैसा कामाच्या मागे चालला तर बिल्डर बदलता येतो. पैसा पुढे धावला तर बिल्डर सांगेल ते ऐकावे लागते. घर बांधून पाहावे, असे आपल्याकडे म्हणतात. दूरदेशी बांधायचे तर त्यातला ‘पाहावे’ हा शब्द शब्दशः घ्यावा. आधी पाहावे, मग द्यावे.